प्यादेमात होईपर्यंत

सोमवार

आणि सगळ्यांत आधी कोण टपकलं, तर बन्सी. माझी भांडी घासून पालथी पडतात न पडतात तोच दारात उभा. कुणाची म्हैस आटली, कुणाची सून माहेरी राहिली, हे त्या घराच्या आधी बन्सीला कळतं. "काकू, गहिनीचं डोळं पिवळं झाल्यात म्हनं," असं म्हणाला. मी म्हटलं, "झालेत. तुझे कान तेवढे व्हायचे राहिलेत." तो हसला. त्याला लागत नाही, म्हणून तर बोलायला बरं.

पाणी पिऊन झाल्यावर म्हणतो, "एकला न्हाई आलो. तात्या मागनं येत्यात."

त्याचा तात्या म्हणजे सूर्यभान. माझ्या हातातला तांब्या तसाच राहिला. त्या जत्रेनंतर त्या माणसानं या उंबऱ्यावर पाय ठेवला नव्हता. कारभारी गेले तेव्हासुद्धा रस्त्यावरूनच परत फिरला. (माझं एक बरं आहे. आमच्या ह्यांचं नावच कारभारी. सगळ्या बायका आपापल्या नवऱ्याला कारभारीच म्हणतात, म्हणून नाव घेतल्याचा दोष लागत नाही.)

आला. सदरा धुतलेला, हातात उसाच्या दोन कांड्या. या दुष्काळात ऊस कुठून आणला देव जाणे. ओसरीवर टेकला आणि गहिनीकडे बघून पहिलं वाक्य काय बोलावं? "प्याद्याचा नातू न्हवं का? डोस्कं चालनारच."

माझ्या घरात, माझ्या नातवाला, माझ्या तोंडावर!

हे लिहून ठेवते. इथं कुणी वाचायला नाही, पण लिहिलं की छाती हलकी होते. जत्रेत देवळापुढच्या पारावर सगळ्या गावासमोर या सूर्यभानानं कारभाऱ्यांना बुद्धिबळात हरवलं. हरवलं तर हरवलं. पण हत्तीनं नाही, वजिरानं नाही. प्याद्यानं. आमच्याकडे प्यादेमात म्हणजे जिंकणाऱ्याला सगळ्यांत मोठा मान आणि हरणाऱ्याचं नाक कापलेलं. त्या दिवसापासून कारभाऱ्यांचं नाव पडलं प्यादं. मी प्याद्याची बायको, माझा सहादेव प्याद्याचा पोरगा. आता तर मिरजगावच्या अलीकडे एसटीचा कंडक्टर ओरडतो, "प्यादेवस्ती, उतरा प्यादेवस्ती." मी पुढच्या थांब्यापर्यंत तिकीट काढते आणि उन्हातान्हात मागे चालत येते, पण तिथे उतरत नाही.

वर बन्सीनं आज बातमी सांगितली. थांब्यावर पाटी लागणार. रंगारी यायचाय. आणि पाटीवर तेच नाव.

मी सूर्यभानाला टवका उडालेल्या कपात चहा दिला. कान तुटलेला कप होता, तोही शोधला, पण सापडला नाही.

मंगळवार

ही डायरी गहिनीनं दिली. मागच्या सालची आहे, त्यामुळे तारखा वाराशी जुळत नाहीत. मी वारच लिहिते. अक्षरं मी ग्रामशिक्षणाच्या वर्गात शिकले, कंदिलाखाली, सुनेच्या शेजारी बसून. सून माझ्या आधी नापास झाली. ते असो.

गहिनी मुंबईला मोठ्या गणकयंत्रावर काम करतो. काविळीनं घरी आलाय. डॉक्टरांनी शिमग्यापर्यंत विसावा सांगितलाय, तेल नको, तिखट नको. मी हरखून गेलेय, खोटं कशाला बोलू. पोरगं आजारी आणि आजी आनंदात, लोक काय म्हणतील. पण लेक-सून दिवसभर दुष्काळी कामावर खडी फोडायला जातात. घरात आम्ही दोघंच. त्याला उसाचा रस पाजायचा आणि त्याची बडबड ऐकायची, यापरतं सुख नाही.

हा पडून राहत नाही. साबणाच्या खोक्यांचे पुठ्ठे कापलेत, माझं दाभण चुलीत तापवून त्यांना भोकं पाडलीत. भोकांच्या आठ ओळी, ओळीत आठ भोकं. असे बारा पट. आणि काही भोकं ओल्या मातीच्या गोळ्यांनी बुजवलेली. मी म्हटलं, "बाळा, काविळीनं डोकं फिरतं असं ऐकलं नव्हतं."

तो म्हणाला, "आजी, तू पटाकडे बघितलंस की तुला घोडा दिसतो, उंट दिसतो. यंत्राला डोळे नाहीत. त्याला फक्त हो आणि नाही कळतं. म्हणून माझ्या घोड्यांचा एक पट, हत्तींचा एक, प्याद्यांचा एक. समोरच्याचेही तसेच. घोडा आहे तिथे भोक उघडं, म्हणजे हो. नाही तिथे माती."

"मग खेळायचं कसं?"

त्यानं बाजूला ठेवलेला आणखी एक पट उचलला. "माझा घोडा कुठकुठल्या घरात उडी मारू शकतो, ती भोकं यात उघडी आहेत. आणि हा दुसरा, यात समोरच्याच्या सगळ्या सोंगट्या." दोन्ही एकावर एक ठेवून उन्हाकडे धरले. सगळं काळं, फक्त एका भोकातून ऊन आलं आणि माझ्या लुगड्यावर ठिपका पडला. "तिथे माझा घोडा त्याला खातो. यंत्राला शोधत बसावं लागत नाही."

मला लगेच कळलं. म्हटलं, "हे तर बन्सीचं आणि त्याच्या बायकोचं. तो सांगतो त्यातलं निम्मं खोटं, ती सांगते त्यातलंही निम्मं खोटं. दोघांचं एकावर एक ठेवायचं आणि जिथे उजेड येईल तेवढं खरं."

गहिनी इतका हसला की त्याला धाप लागली. मग म्हणाला, "यात सगळ्यांत देखणं काय माहीत आहे का? प्यादी. आठही प्यादी पुढे कुठे जातील ते बघायचं तर पट एक ओळ वर सरकवला की झालं. एका हुकमात आठ. वजिराला हे जमत नाही. मी या सगळ्याला नावसुद्धा..."

"या घरात तो शब्द काढायचा नाही," मी म्हटलं.

"पण आजी, आजोबा तर स्वतःच..."

"काढायचा नाही म्हटलं ना."

त्यानं पुठ्ठे खाली ठेवले. मग हळूच म्हणाला, यंत्रासाठी लिहिलेले माझे हुकूम बरोबर आहेत का ते बघायला कुणीतरी खरा खेळणारा हवा. मी फक्त लिहिल्याप्रमाणे पट हलवायचे, स्वतःचं डोकं लावायचं नाही. आसपास कोण चांगलं खेळतं?

देव असा हात धरून उभा करतो. मी एकच नाव घेतलं. त्याच सूर्यभानाचं.

शुक्रवार

आज पहिला डाव झाला. सूर्यभान आणि बन्सी जेवायलाच आले. मी मटकीच्या उसळीत मिरची अशी घातली की फोडणीलाच शेळी शिंकली. गहिनीची उसळ वेगळी, बिनतिखटाची. सूर्यभान जेवला. घाम पुसत पुसत जेवला. मग ताट पुढे करून म्हणतो, "वहिनी, अजून वाढा. आमच्यात आता असलं कुनी करीत न्हाई." बायको गेल्यापासून त्याच्या घरी सून पथ्याचं करते म्हणे. मला काय त्याचं. वाढलं, आणखी तिखट वाढलं.

त्याला ओसरीच्या त्या टोकाला बसवलं जिथे दुपारचं ऊन डोळ्यांत येतं. लाकडी पट त्यानं स्वतःचा आणलेला. गहिनी अंगणात उन्हात बसला, पुढ्यात बारा पट पसरून. त्याच्याकडे सोंगट्या नाहीत, भोकंच. सूर्यभान चाल सांगायचा, गहिनी मातीची गोळी इथून काढून तिथे लावायचा, पटावर पट धरायचा, पुटपुटायचा. त्याची एक चाल होईतो सूर्यभानाची एक डुलकी व्हायची.

"लेका, तुजं यंत्र चाललंय का पेरनी?"

"मुंबईत हेच डोळ्याचं पातं लवतं तोवर होतं, तात्या. इथे मी आहे म्हणून वेळ."

"असू दे. मला कुठं लगीन लावाया जायाचंय."

मला बुद्धिबळ येत नाही, पण नवऱ्याच्या मागे उभं राहून जेवढं कळतं तेवढं कळतं. सूर्यभान वरचढ होत चालला होता. आणि त्याच वेळी शेळी सुटली. कशी सुटली ते लिहीत नाही. ती थेट ओसरीवर चढली आणि पट उधळला.

बन्सी ओरडला, सूर्यभान हसला. गहिनी म्हणाला, काळजी नको, माझ्या पटांवर सगळं आहे. त्यानं भोकं बघून एकेक घर सांगितलं, सूर्यभानानं मांडलं. मांडून झाल्यावर सूर्यभान थांबला.

"गहिनी, तुजं एक प्यादं कमी हाय."

"नाही तात्या. पटावर एवढीच आहेत."

"हुतं की. ह्या इथं, मधल्या उंटापुढं. मला भारी पडत हुतं ते, मला ठाव न्हाई व्हय?"

मी ओळखलं. चोर तो, आणि वर साव. प्यादं लपवलं असणार आणि आता आपणच ओरडतोय. मी पुढे झाले. म्हटलं, "धोतर झटका."

"काय?"

"धोतर झटका म्हटलं."

बन्सीनं कानावर हात ठेवले. सूर्यभान उभा राहिला. काही न बोलता त्यानं धोतराचा सोगा झटकला, टोपी काढून झटकली, घोंगडी उलटी केली. त्यातून शेळीची एक लेंडी पडली. प्यादं नाही.

तेवढ्यात गहिनी अंगणातून ओरडला, "सापडली!"

"प्यादं?"

"चूक!"

झालं होतं असं. मुंबईच्या यंत्राच्या एका ओळीत अठ्ठेचाळीसच खाने मावतात आणि बुद्धिबळाची घरं चौसष्ट. म्हणून गहिनीनं प्रत्येक पटाचे दोन तुकडे केलेत, खालचा अर्धा नि वरचा अर्धा. प्यादं खालच्या तुकड्याच्या शेवटच्या ओळीत होतं. हुकूम होता, एक ओळ वर सरकव. सरकवलं. वर ओळच नाही. प्यादं पुठ्ठ्याच्या कडेवरून पडलं आणि पलीकडच्या तुकड्यात गेलंच नाही. गहिनीनं जुनं भोक बुजवलं, नवं कुठे काढायचं ते लिहिलेलंच नव्हतं, आणि स्वतःचं डोकं न लावायची तर त्यानं शपथ घेतलेली. शेळी नसती तर कळलंही नसतं. बघा.

सूर्यभान म्हणाला, "म्हंजी प्यादं नदीत बुडालं. नावाडीच न्हवता." आणि स्वतःच्या हातानं ते गेलेलं प्यादं त्यानं पुन्हा पटावर ठेवलं. तरीही तोच जिंकला. उंटानं.

मी माफी मागितली नाही. धोतरात नव्हतं म्हणून काय झालं, मनात होतं.

रविवार

गहिनीला काल ताप होता. मनात आलं, आपण या पोराला आपल्या सुडासाठी उन्हात बसवतोय का? रात्रभर तेच डोक्यात. सकाळी त्याच्या डोळ्यांकडे पाहिलं तर पिवळेपणा उतरलेला. म्हणजे देवाची ना नाही.

त्यानं नावाड्याचा हुकूम लिहिला. कडेवरचं प्यादं उचल आणि पलीकडच्या तुकड्याच्या पहिल्या ओळीत ठेव. मी म्हटलं, दोन तुकडे सुईदोऱ्यानं शिवून टाक की. तो म्हणाला, पुठ्ठा शिवता येतो, यंत्र नाही शिवता येत.

मग मी माझं घोडं पुढे दामटलं. म्हटलं, "बाळा, माझं एक काम कर. तुझ्या यंत्राला सांग, सूर्यभानाला मारायचं तर प्याद्यानंच."

"आजी, यंत्राला मात म्हणजे मात. कुणी केली याचं त्याला काही नाही."

"मला आहे."

"त्यानं खेळ बिघडेल."

"तुझ्या आजोबांचा नाही बिघडवला त्यानं? गावात वर मान करून चालले नाहीत ते त्या दिवसानंतर."

गहिनी काहीतरी बोलणार होता. त्याऐवजी पुठ्ठ्यांची चळत सारखी करत बसला. (पोरगं कारभाऱ्यांच्या मांडीवर वाढलंय. आजोबांना कुणी रस्त्यावरून "ए प्याद्या" म्हणून हाक मारली की ते "ओ!" म्हणून हसत बाहेर जायचे, हे त्यानंही पाहिलंय. त्याला वाटतं आजोबा खरंच हसायचे. लहान होता. माणूस जहर गिळतो तेव्हा असाच हसतो, हे मला कळतं. मी बायको होते.)

शेवटी दुपारी मी चुलीतल्या निखाऱ्यावर वांगं भाजलं, तेलाचा थेंब न घालता भरीत केलं आणि त्याच्यापुढे ठेवलं. खाऊन बोटं चाटत म्हणाला, "बरं. प्याद्यानं मात होत असेल तर बाकीची मात सोडून द्यायची. लिहितो. पण आजी, हा हुकूम माझा नाही, तुझा."

माझाच तर. यंत्रात माझा हुकूम चालतोय, म्हटल्यावर मी दुपारभर अंगणात नुसती फिरत होते.

बुधवार

अक्षर वाकडं आलं तर येऊ दे.

आज दुसरा डाव झाला. आज मी शेळी बांधून ठेवली, दोन गाठी मारून. उसळीत मिरची बेताची घातली, कारण आज मला त्याची हार त्याच्या डोळ्यांत पाणी न येता बघायची होती.

प्यादी आज पोहत नदी पार झाली. गहिनी पट उन्हाला धरायचा, माझ्या अंगणात उजेडाचे ठिपके हलायचे. सूर्यभानाच्या डुलक्या बंद झाल्या. टोपी काढून बाजूला ठेवली. बन्सीसुद्धा बोलेना, यावरून काय ते समजा.

मग एक चाल अशी आली की गहिनीनं दोन पट एकावर एक धरले आणि तसाच बसून राहिला. माझ्याकडे बघितलं. मी डोळ्यांनीच विचारलं, काय? त्यानं मान खाली घातली, माझ्या हुकमाचा कागद बघितला, दुसरे दोन पट उचलले आणि म्हणाला, "प्यादं एक घर पुढे."

सूर्यभान पटाकडे बघतच राहिला. मला वाटलं, गेला! पुढच्या चालीला प्यादं राजाच्या छाताडावर. मी मनात पाटीवरचं नाव पुसूनही टाकलं. मग सूर्यभानाच्या वस्तीच्या पाटीवर प्यादं लिहायचं, कंडक्टर तिथे ओरडेल, आणि मी मुद्दाम त्याच थांब्यावर उतरेन.

सूर्यभानानं राजा उचलला आणि घोड्यासारखी अडीच घरं उडी मारून कोपऱ्याआड नेऊन ठेवला.

गहिनी म्हणाला, "तात्या, राजा असा चालत नाही."

"चालतो की रं. आपल्यात राजाला एकदा घोड्याची उडी असती. शह लागायच्या आत. मला अजून शह लागलाय कुठं?"

"मुंबईत असा नियम नाही. म्हणजे माझ्या पटांवर ते लिहिलेलंच नाही."

"मुंबईत नसंल. ह्यो पट हाय गावाचा."

बन्सी म्हणाला, "व्हय, व्हय. असती उडी." आणि दोघंही माझ्याकडे बघायला लागले, जसं काही मी पंच.

मला माहीत होतं! कारभारी शंभरदा ती उडी मारायचे. मी गहिनीला सांगितलीच नाही. मला वाटलं, राजाला उडी असते हे कुणाला सांगायचं असतं? सूर्य उगवतो हे सांगतो का आपण? पोरगं विलायती पुस्तकातनं शिकलं, आणि मी तिखट किती घालायचं याचा विचार करत बसले. मी म्हटलं, "असते." काय करणार. खोटं बोलून जिंकलं तर ती प्यादेमात कसली.

गहिनी म्हणाला, राजा कुठे आहे ते माझ्या पटावर दिसतं, पण त्याला आधी शह लागला होता का, त्याची उडी शिल्लक आहे का, हे कुठल्याच पटावर दिसत नाही. त्यासाठी वेगळं एक भोक ठेवावं लागेल. पटाबाहेरचं. नुसतं आठवणीसाठी.

सूर्यभान त्याच्याकडे झुकला. "गहिनी, एक सांग. तुजा हत्ती हितं हुता. ह्या रांगेतनं सरळ आला असता तर मी तवाच मेलो हुतो. उडी बी मारता आली नसती. तुज्या पुठ्ठ्याला ते दिसलं न्हाई?"

गहिनी मातीची गोळी बोटांत मळत राहिला.

"दिसलं असनार," सूर्यभान म्हणाला. "मग प्यादं कुनी काढाया लावलं?"

गहिनीनं माझ्या हुकमाचा कागद हळूच मांडीखाली सारला. शहाणं पोरगं. मी शेळीकडे बघत राहिले.

सूर्यभानानं टोपी घातली, पुन्हा काढली. म्हणाला, "वहिनी, जत्रंत कारभाऱ्यानं असंच केलं हुतं. हत्तीनं मी मरत हुतो. पर त्याला प्याद्याचाच नाद. म्हनला, सूर्यभान, तुला मारीन तर प्याद्यानंच. मी उडी मारली आनि मग माज्या प्याद्यानं त्याला धरलं. डाव संपल्यावर पारावर उभा राहून त्योच हसत म्हनला, आजपास्नं मला प्यादंच म्हना रं. त्यानंतर माज्यासंगं बसला न्हाई. तुमी नगं म्हनला आसंल."

मी आत गेले. चहा टाकायच्या निमित्तानं.

खोटं बोलतो. हरलेला माणूस स्वतःच स्वतःला नाव ठेवतो का? आणि मी कशाला नको म्हणू? मी एवढंच म्हटलं होतं, त्या माणसाच्या सावलीला उभे राहिलात तर मला माहेरी पोचवून या. ते काय नको म्हणणं झालं? ते मुकाट्यानं बसले घरात. पट माळ्यावर टाकला. मला वाटलं, पटलं त्यांना.

डाव अर्धा राहिला. ऊन गेलं, भोकं दिसेनात.

शनिवार

झोप नीट नाही. सूर्यभानाची बडबड आणि माझी आठवण मी एकावर एक ठेवून बघते. कुठे उजेड येतो ते लिहायचं नाही मला. चुलीपुढे बसले की उगाच येतो.

आज रंगारी आला. पुन्हा बन्सीच आधी, सायकलच्या मागच्या कॅरिअरवर रंगाचा डबा घेऊन. मागून सूर्यभान. रंगारी मिरजगावचा, कानावर विडी, डोक्याला रुमाल. थांब्याच्या पत्र्याला पांढरा रंग कालच दिला होता. मी गहिनीला घेऊन रस्त्यापर्यंत गेले. मनाशी ठरवून गेले होते. कारभारीवस्ती लिही म्हणणार होते. त्या बाबतीत कुणाची ताकद नव्हती मला अडवायची. रंगाऱ्यानं विचारलंच, "बाई, कागदावर प्यादेवस्ती हाय. काय बदल करायचा आसंल तर आत्ताच बोला. ऑइल पेन्ट हाय, मागनं निघायचं न्हाई."

बन्सी म्हणाला, "बदला काकू. तात्यांची ना न्हाई."

तात्यांची ना नाही! म्हणजे त्याच्या परवानगीनं मी नाव बदलायचं. माझ्या डोक्यात तिडीक गेली. एक डाव हरलेला, एक अर्धवट, अशात नाव पुसलं तर लोक काय म्हणतील? प्याद्याची बायको यंत्र आणूनही हरली, म्हणून नाव पुसून पळाली. नाही. आधी प्यादेमात. सगळ्या गावापुढे, दिवसाउजेडी. मग बघू नावाचं.

म्हटलं, "लिही. जे आहे तेच लिही."

गहिनी माझ्याकडे बघून हसला. त्यानं काय समजायचं ते समजावं.

रंगाऱ्यानं लिहिलं. लांबून छान दिसत होतं, जवळ गेले तर मेल्यानं 'पादेवस्ती' लिहिलेलं. 'य' खाऊन! पादे! जन्मभर आणखी हसं! मी म्हटलं, "अरे, कोणत्या शाळेत शिकलास? 'प' ला 'य' जोड. प्या. प्यादे." त्यानं कुरकुरत जोडलं. तिरकं आलं. मी म्हटलं, "ओलं आहे तोवर पुसून पुन्हा लिही. आणि जरा ठळक. एसटीतनं वाचता आलं पाहिजे." दोनदा लिहायला लावलं. तिसऱ्यांदा बरं आलं. सूर्यभान रस्त्याच्या कडेला उकिडवा बसून हे सगळं बघत होता आणि तोंडावर उपरणं धरून होता. हसत होता की काय, कळलं नाही. डोळे पुसत होता एवढं दिसलं. रंगाचा वास त्याला सोसत नसेल.

गहिनी म्हणाला, "आजी, आता तरी सांगू का? मुंबईच्या यंत्रात मी या सगळ्याला तेच नाव देणार आहे. प्यादे."

मी म्हटलं, "दे. पण आधी जिंक."

रंगाऱ्याला चहा दिला, बन्सीला दिला. टवका उडालेला कप गहिनीनं माती कालवायला घेतलाय, त्यामुळे सूर्यभानाला नाइलाजानं कपाटातला द्यावा लागला, निळ्या फुलांचा, सहादेवच्या लग्नातला. मुद्दाम नाही दिला. दुसरा धुतलेला नव्हता.

गहिनीनं राजाच्या उडीसाठी नवा पुठ्ठा कापलाय. त्याला एकच भोक. मी विचारलं, एवढासा पट? म्हणाला, हा आठवणीचा. राजाला शह लागला किंवा त्याची उडी मारून झाली की यात माती भरायची. मी तो उन्हाला धरून बघितला. एक ठिपका पडला. मग भोकाला डोळा लावून रस्त्याकडे बघितलं, तर थेट पाटी दिसली, प्याचं डोकं.

शिमग्यानंतर पोरगं जाणार. त्याच्या आत एक डाव होतोच. हत्तीची मात दिसली तरी घ्यायची नाही, मी गहिनीला पुन्हा बजावलं. तो म्हणाला, "आजी, आजोबाच बोलतायत असं वाटतंय." बोलू दे. उडीचं भोक आहे आता. या खेपेला राजा कुठे पळतो ते बघते. सूर्यभानाला मी असा मारणार आहे की त्याच्या नातवंडांना लोक त्याच नावानं हाक मारतील. आणि मारल्यावर त्यालाच विचारणार आहे, जत्रेतला डाव पहिल्यापासून मांडून दाखव म्हणून. हत्ती खरंच तिथे होता का ते मला बघायचंय. खोटं निघालं तर त्याची धडगत नाही.

निघताना मीच दारापर्यंत गेले. म्हटलं, "भावजी, ऊन असताना या, नाहीतर भोकं दिसत नाहीत. आणि पट माळ्यावर आहे ह्यांचा, तो काढते. तुमचा आणू नका."

गुरुवारी जेवायलाच येतो म्हणाले. बन्सी आधी येईलच.